राखेतलं काळं अभ्रक

कुकडीच्या काठी, बोरी बुद्रुकच्या शिवारात नदीनं कापलेल्या दरडीत एक फिकट, जवळपास पांढरा थर दिसतो. वर पिवळट-तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे खडे. खाली वाळू आणि गोट्यांची रास. मधे हा थर. जुन्नर तालुक्यातला खडक सगळा काळा. नाणेघाटापासून खाली कुठंही खणा, दख्खनचा बेसॉल्टच लागतो. या मुलखात पांढरं काही दिसलं तर ती चुनखडी असते, नाहीतर बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढलेला झिओलाइट. हा थर त्या दोन्हींतला नाही. चिमूटभर घेऊन दाताखाली धरला की कचकच लागते. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पारदर्शक, वाकड्या, धारदार कपच्या दिसतात. काच आहे ती. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडालेली आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर हवेतून इथवर आलेली काच.

टोबाची राख एवढ्यानं मात्र भागत नाही, कारण टोबा एकदाच पेटलेला नाही. त्याचे चार मोठे उद्रेक माहीत आहेत. पहिला सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा, दुसरा आठ लाखांच्या आसपासचा, तिसरा पाच लाखांच्या सुमाराचा आणि शेवटचा ७४-७५ हजार वर्षांपूर्वीचा. शेवटच्यानं सुमारे २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर फेकला. आज तिथं जे टोबा सरोवर आहे, साधारण १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद, ते म्हणजे या उद्रेकांनी जमीन खचून झालेला खड्डा. सरोवराच्या मधलं सामोसिर बेट हा त्या खड्ड्याचाच तळ, नंतर खालून वर उचलला गेलेला. या शेवटच्या उद्रेकाची राख बंगालच्या उपसागरात सापडते, अरबी समुद्रात सापडते, दक्षिण चिनी समुद्रात सापडते, थेट आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळातही सापडते. आपल्याकडे मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात आहे. आंध्रात कर्नूलजवळच्या ज्वालापुरमला तर इतकी आहे की लोक ती खणून नेतात.

तेव्हा बोरीची राख यांतल्या कोणत्या उद्रेकाची, हा प्रश्न उरतो. पंचाहत्तर हजार की आठ लाख? दहापटीचा फरक आहे. आणि हा फरक फक्त राखेपुरता नाही, कारण बोरीला राखेशी निगडित गोट्यांच्या राशीत माणसानं घडवलेली दगडी हत्यारं मिळाली आहेत. हातकुऱ्हाडी, फरश्या (सरळ, रुंद धारेची दगडी हत्यारं), ज्यांना पुरातत्त्वात अश्यूलियन म्हणतात त्या परंपरेतली. राखेला जे नाव द्याल, त्यावर भीमेच्या खोऱ्यात माणूस कधीपासून आहे याचं उत्तर अवलंबून राहणार.

मी नारायणगावच्या बाजूची. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या बघत लहानाची मोठी झाले आणि पुढे पुण्यात भूशास्त्र शिकले. आता माझं काम प्रयोगशाळेत बसून खनिजांचे कण वेचण्याचं आणि त्यांचं रसायन मोजण्याचं. त्यामुळे बोरीच्या वादाकडे मी त्रयस्थपणे बघूच शकत नाही. एका बाजूनं तो माझ्या तालुक्याचा प्रश्न आहे, दुसऱ्या बाजूनं माझ्या हातातल्या कामाचा.

ही राख शोधण्याचं श्रेय डेक्कन कॉलेजच्या मंडळींचं. शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरीशेट्टर आणि त्यांचे सहकारी नद्यांचे काठ पायी पालथे घालत होते, त्यातून हा थर हाती लागला. १९८९ साली 'करंट सायन्स'मध्ये त्याची माहिती छापून आली. पोटॅशियम-अरगॉन पद्धतीनं वय निघालं होतं सुमारे १४ लाख वर्षं. खळबळ उडावी असाच आकडा होता. पुढे त्याच गटानं अरगॉन-अरगॉन ही जास्त काटेकोर पद्धत वापरली आणि १९९५ साली वय जाहीर केलं ६ लाख ७० हजार. त्याच १९९५ साली दुसऱ्या एका गटानं भारतातल्या या राखेच्या काचेचं रसायन तपासून सांगितलं की ती टोबाच्या सगळ्यात अलीकडच्या उद्रेकाची आहे, म्हणजे पंचाहत्तर हजारांच्या घरातली. एका वर्षात दोन उत्तरं, दोन्ही जाणत्या माणसांची, दोन्ही मोजमापातून आलेली. आम्हाला वर्गात शिकवताना सरांनी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले होते आणि कुठलाही पुसला नव्हता. मला त्यांचं ते करणं फार आवडलं होतं.

वय काढण्याच्या पद्धतीत गडबड कुठं होते ते समजणं अवघड नाही. पोटॅशियमचं एक समस्थानिक अगदी सावकाश क्षय पावून त्याचं अरगॉन होतं. किती अरगॉन साठलं त्यावरून वय. पण नदीच्या गाळातली राख निखळ नसते. कुकडीच्या पाणलोटात सहा-साडेसहा कोटी वर्षांचा बेसॉल्ट आहे, आणि त्याचे थोडे कण जरी नमुन्यात राहिले तरी त्यांच्यातलं जुनं अरगॉन तरुण राखेचं वय फुगवतं. शिवाय ज्वालामुखीच्या काचेत मुळातच अडकलेलं अरगॉनही असू शकतं. म्हणून थेट वय काढण्याआधी, किंवा निदान त्याच्या जोडीला, ओळख पटवून घ्यावी लागते. हा थर आणि तो थर एकाच उद्रेकाचे का? ते ठरलं की जिथं निखळ नमुना मिळतो तिथं वय काढायचं आणि ते इकडे लावायचं. या उसन्या वयावर भूशास्त्राचा केवढा तरी व्यवहार चालतो.

बोरीच्या दरडीपाशी एकदा तिथल्या शेताचे मालक येऊन उभे राहिले. कांद्याला पाणी सोडून आले होते. मी काय खरवडतेय ते बघत होते. मी सांगितलं की ही पांढरी माती फार लांबून, समुद्रापलीकडून हवेतून आली. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आली आसंल हवेतनं, ताई. पण हितं आणून टाकली ती नदीनंच की. बघा ना कशी वाळूत कालवली." आणि त्यांनी बोटानं दाखवलं. थराच्या वरच्या भागात राखेचे पातळ पट्टे आणि गाळाचे पट्टे आळीपाळीनं होते, तिरपे, वाहत्या पाण्यानं घातलेले. काकांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्या एका निरीक्षणात या सगळ्या वादाची अर्धी गोम आहे. आकाशातून पडलेला थर कदाचित बोटभरच असेल. तो साऱ्या पाणलोटावर पडला, पावसानं धुपला, ओढ्याओढ्यानं नदीत आला आणि वळणावर साचून जाड झाला. वाहून येताना त्यात इथलं काय काय मिसळलं, हे आधी बघायला हवं.

काच ही राखेची पहिली ओळख. शिलारस हवेत फेकला गेला की क्षणात गोठतो, स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, आणि त्या घटकेचं त्याचं रसायन काचेत बंद होतं. टोबाच्या काचेत सिलिका ७७ टक्क्यांच्या आसपास असते. पण इथेच पेच आहे. टोबाच्या वेगवेगळ्या उद्रेकांच्या काचा मुख्य घटकांत एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की नुसत्या सिलिका, पोटॅशियम, लोह यांच्या आकड्यांवरून कोणती कोणाची हे ठामपणे सांगणं कठीण. एकाच घरचा गोडा मसाला दर उन्हाळ्यात होतो. धणे, खोबरं, तीळ तेच, हात तोच, चवीवरून घर ओळखता येतं, पण हा गेल्या सालचा की त्याच्या आदल्या सालचा हे सांगायला जिभेला दगडफुलासारखा एखादा बारका जिन्नस पकडावा लागतो. टोबाच्या बाबतीत तो बारका जिन्नस दोन ठिकाणी मिळाला. एक, काचेतली अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं, विशेषतः बेरियम. दोन, राखेतलं बायोटाइट, म्हणजे काळं अभ्रक.

बायोटाइटवर माझा फार जीव आहे. तो पापुद्र्या-पापुद्र्यांचा असतो. राखेतले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे कण ज्वालामुखीपासून दूर जाता जाता गळून पडतात, पण बायोटाइट चपटा असल्यामुळे हवेत तरंगत खाली येतो आणि बारीक काचेच्या सोबतीनं फार लांबवर पोचतो. तो शिलारसाच्या कोठारात, उद्रेकाच्या आधी, शांतपणे वाढलेला असतो. वाढताना भोवतालच्या रसातून किती लोह घ्यायचं आणि किती मॅग्नेशियम, हे त्या रसाच्या घडणीवर आणि तापमानावर ठरतं. त्यामुळे काचा सारख्या दिसल्या तरी अभ्रक वेगळं निघू शकतं. २०११ साली व्हिक्टोरिया स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच टोबासाठी दाखवलं. अलीकडच्या टोबा राखेतल्या बायोटाइटमध्ये लोह आणि मॅग्नेशियमचं परस्पर प्रमाण त्याआधीच्या दोन उद्रेकांच्या राखांपेक्षा वेगळं आहे. इतकी वर्षं सगळे काचेकडे बघत होते, आणि शेजारीच हा काळा पापुद्रा पडलेला होता.

हे मोजायचं कसं ते सांगते, कारण हे काम बाहेरच्यांना सहसा बघायला मिळत नाही. राख पाण्यात खळबळून धुवायची, मातकट पाणी ओतून द्यायचं, चाळायचं, वाळवायचं. मग द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक तपकिरी पापुद्रा उचलायचा. पंखा बंद. खिडकी बंद. शिंक आली तर आधी बशी दूर सरकवायची. वेचलेले कण इपॉक्सीच्या वडीत बसवायचे आणि वडी घासून कणांचा छेद उघडा करायचा. बायोटाइट इथे छळतो. तो आडवा पडतो आणि घासताना पापुद्रा सुटून निघून जातो. म्हणून शक्य तेवढे कण कडेवर उभे करावे लागतात, सुईनं, इपॉक्सी घट्ट व्हायच्या आत. मग हिऱ्याच्या पेस्टनं पॉलिश, वर कार्बनचा अतिशय पातळ लेप म्हणजे इलेक्ट्रॉनांचा भार साठून न राहता वाहून जाईल, आणि वडी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबच्या निर्वात कोठडीत.

हे उपकरण रेमाँ कास्तँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं घडवलं. १९५१ चा त्याचा पॅरिसमधला प्रबंध हाच त्याचा पाया. मायक्रॉनभर रुंदीचा इलेक्ट्रॉनांचा झोत कणावर नेमका टेकवायचा. त्या जागी जी मूलद्रव्यं असतील ती प्रत्येकी आपापल्या ठरावीक तरंगलांबीचे क्ष-किरण सोडतात. ते मोजायचे, माहीत असलेल्या प्रमाण-खनिजाशी ताडायचे, की टक्केवारी मिळते. काचेवर हाच झोत एकवटून टाकला तर तिच्यातलं सोडियम झोतापासून दूर पळतं आणि आकडा खोटा येतो. तिथं झोत पसरट करावा लागतो. बायोटाइटची अडचण निराळी. त्याच्या घडणीत पाणी असतं, ते या यंत्राला दिसत नाही, म्हणून सगळ्या टक्क्यांची बेरीज शंभर न येता ९५-९६ च्या आसपास थांबते. ती तशी येणंच बरोबर. मी आधी पोटॅशियमच्या रकान्याकडे बघते. ताज्या बायोटाइटमध्ये पोटॅशियम ऑक्साइड साधारण नऊ टक्के असतं. सहा किंवा पाच दिसलं तर तो कण जमिनीतल्या पाण्यानं कुजलेला आहे, वरून सोनेरी दिसत असला तरी. त्याची साक्ष काढायची नाही. असे कण गाळून जे उरतात त्यांचे बिंदू आलेखावर पडायला लागतात, एकामागून एक, आणि एका जागी गर्दी करतात. तो क्षण मला अजूनही सवयीचा झालेला नाही.

कुकडीला या कामात एक फायदा आहे, जो सोन खोऱ्यासारख्या ठिकाणी नाही. ग्रॅनाइट किंवा नाइसच्या प्रदेशातून येणाऱ्या नदीत बायोटाइट भरपूर असतं. तिथं राखेच्या थरातला एखादा पापुद्रा सुमात्राचा की वरच्या डोंगरातला, हा संशय प्रत्येक कणाबाबत राहतो. आपला दख्खनचा बेसॉल्ट या बाबतीत स्वच्छ. त्यात ऑजाइट असतो, प्लॅजिओक्लेज असतो, लोह-टायटॅनियमची काळी खनिजं असतात. बायोटाइट सहसा नसतोच. कुकडीच्या राखेत ताजं काळं अभ्रक सापडलं तर ते पाहुणंच आहे असं बऱ्यापैकी निर्धास्तपणे म्हणता येतं. शेतातल्या काकांनी उपस्थित केलेल्या शंकेला, नदीनं काय काय कालवलं या शंकेला, निदान या एका खनिजापुरतं उत्तर मिळतं.

काच मात्र काळाला फार टिकत नाही. ती पाणी शोषते, सोडियम गमावते आणि कोट्यवधी वर्षांत तिची पार माती होते. पंचाहत्तर हजार वर्षं म्हणजे काही नव्हे, म्हणून बोरीला काच अजून शाबूत आहे. पण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या राखेचं काय? ऑर्डोव्हिशियन काळातल्या अशा राखेचे थर अमेरिकेच्या पूर्व भागात आहेत, स्वीडनमध्ये आहेत, बाल्टिक देशांत आहेत. चुनखडीच्या दोन थरांमधे पिवळट-करडी, साबणासारखी बुळबुळीत माती. पोटॅशियमयुक्त बेंटोनाइट म्हणतात तिला. एकही कपची उरलेली नाही. तिथं स्फटिकांवाचून गत्यंतरच नाही, आणि खनिजांचं रसायन थरांची ओळख पटवायला किती कामाला येतं हे मला सगळ्यात जास्त त्या कहाणीनं शिकवलं.

अमेरिकेतल्या या थरांपैकी दोन ठळक: डाइके आणि त्याच्या वरचा मिलब्रिग. स्वीडनमधल्या व्हेनर्न सरोवराकाठच्या डोंगराच्या नावाचा एक, किनेकुले. १९९२ साली वॉरन हफ, स्टिग बर्गस्ट्रोम आणि डेनिस कोलाटा यांनी मांडलं की मिलब्रिग आणि किनेकुले हे एकाच महाउद्रेकाचे थर आहेत. तेव्हा त्या दोन भूखंडांच्या मधे आयापेटस नावाचा महासागर होता. म्हणजे समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच राख. हजार घन किलोमीटरहून जास्त शिलारसाचा हिशेब त्यांनी मांडला होता. कल्पना भव्य होती, आणि नुसती भव्य नव्हती; जीवाश्म, थरांचा क्रम, जाडीचे नकाशे या सगळ्याचा तिला आधार होता. जगभरच्या भूशास्त्रज्ञांना असा एक थर हवाच असतो. तो मिळाला की दोन खंडांतली घड्याळं एका सेकंदाला जुळल्यासारखी होतात.

१९९५ साली एका गटानं दोन्ही थरांतलं बायोटाइट मायक्रोप्रोबखाली घातलं. जुळलं नाही. मग असा युक्तिवाद करता येत होता की एवढ्या मोठ्या उद्रेकात रसायन टप्प्याटप्प्यानं बदलतं, एका टप्प्याची राख इकडे गेली आणि दुसऱ्याची तिकडे. हा युक्तिवाद मी कधीच उडवून लावणार नाही. टोबाच्या शेवटच्या उद्रेकातच शिलारसाची सिलिका ६८ पासून ७६ टक्क्यांपर्यंत बदलते. कोठारात वरचा रस एक, खालचा दुसरा. तेव्हा दोन नमुने वेगळे निघाले म्हणून लगेच दोन उद्रेक ठरत नाहीत. प्रत्येक थराचे पुष्कळ ठिकाणचे, पुष्कळ कण मोजून त्याचा पूर्ण पसारा आधी कळायला हवा.

पुढचं पाऊल अॅपेटाइटनं टाकलं. अॅपेटाइट म्हणजे कॅल्शियमचा फॉस्फेट, ज्याच्या जवळच्या खनिजानं आपली हाडं आणि दात बनतात. राखेत त्याच्या बारीक सुया आणि षट्कोनी कांड्या असतात. भोवती सगळ्या काचेची माती झाली तरी या कांड्या तशाच राहतात. फक्त अॅसिडला त्या भितात. चुनखडी विरघळवायच्या घाईत कोणी कडक अॅसिड ओतलं तर अॅपेटाइटही गेलं म्हणून समजा. त्यात मॅग्नेशियम, मँगॅनीज, लोह, क्लोरीन आणि दुर्मीळ मृदा-मूलद्रव्यं थोडी थोडी शिरलेली असतात, आणि हे थोडं थोडंच कामाचं. मोजताना सावध राहावं लागतं. कांडी झोताच्या दिशेला कशी पडली आहे त्यावर फ्लोरीनचा आकडा मोजता मोजता सरकतो, म्हणून फ्लोरीनवर मी कधीच ओळख ठरवत नाही. २०११ साली ब्रायन सेल आणि स्कॉट सॅमसन यांनी मिलब्रिग आणि किनेकुले यांचं अॅपेटाइट ताडून सांगितलं की ही जोडी चुकीची आहे. नंतर राखेतल्या झिर्कॉन या खनिजाच्या वयांनी, त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालं यावरून काढलेल्या, त्यावर शिक्कामोर्तब केलं. किनेकुले मिलब्रिगपेक्षा दहा लाखांहून जास्त वर्षांनी जुना निघाला. समुद्रापलीकडे पोचलेली एकच भव्य राख अशी काही नव्हती. दोन महाउद्रेक होते, आणि त्यांच्या मधे लाखो वर्षं.

याच्या उलट गोष्ट अलाबामातल्या रॅगलंडच्या जुन्या खाणीतली. तिथं चुनखडीत राखेचे दोन थर वेगवेगळ्या उंचीवर दिसत होते, दोन उद्रेक वाटावेत असे. बायोटाइट मोजलं तर दोन्हींतलं एकच. थर एकच होता. खडकाला पडलेल्या भेगेवरून सरकून तो पुन्हा वर आला होता. अशा वेळी मला या पापुद्र्यांबद्दल खरोखर आदर वाटतो. डोळ्यांना जे दोन दिसतं ते एक असतं, जे एक हवं असतं ते दोन निघतं, आणि पापुद्रा मनात कोणाच्या काय आहे हे न बघता आपला आकडा सांगतो.

माझ्या मते खनिजांचं रसायन 'हे ते नाही' हे जितकं ठामपणे सांगू शकतं तितक्या ठामपणे 'हे तेच' सांगू शकत नाही. जुळणी कितीही चांगली दिसली तरी अजून न सापडलेला, तसंच रसायन असलेला तिसरा थर कुठेतरी असण्याची शक्यता उरते. म्हणून जुळणारा प्रत्येक निकाल दुसऱ्या खनिजानं, काचेनं, वयानं, थरांच्या क्रमानं पुन्हा पुन्हा तपासायचा. न जुळणारा निकाल मात्र, पसारा नीट मोजलेला असेल तर, लगेच गांभीर्यानं घ्यायचा. शोधनिबंधांत जुळणाऱ्या जोड्यांचं कौतुक होतं. फुटलेल्या जोड्यांनी आम्हाला जास्त दिलं आहे असं मला वाटतं.

बोरीकडे येऊ. १९९८ साली जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी मांडलं की भारतीय द्वीपकल्पातली सगळी टोबा राख अलीकडच्याच उद्रेकाची आहे. २०११ साली शीला मिश्रा यांचा सहभाग असलेल्या एका गटानं पुन्हा बाजू मांडली की बोरी आणि कऱ्हा नदीवरच्या मोरगावची राख जुनी, आठ लाखांच्या आसपासची आहे. मग २०१४ साली निक पियर्स आणि इतरांनी एकेक कपची लेसरनं उडवून तिच्यातली अत्यल्प मूलद्रव्यं मोजली. अलीकडच्या राखेतल्या कपच्या बेरियमच्या प्रमाणावरून अनेक गटांत पडतात, आणि हा नमुना जुन्या राखेत दिसत नाही. भारतातले नमुने अलीकडच्या राखेशी जुळले, बोरीसकट. सगळं वाचून, स्वतःच्या हातानं हे कण हाताळून, माझं मत त्याच बाजूला आहे. बोरीची राख पंचाहत्तर हजार वर्षांची आहे.

तालुक्याची मुलगी म्हणून वाईट वाटतं का, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं होतं. वाटत नाही. भारतात माणूस फार जुना आहे हे सांगायला बोरीच्या राखेची गरज उरलेली नाही. २०११ सालीच चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमच्या अश्यूलियन हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षं निघालं. आणि राख तरुण ठरली म्हणून बोरीची हत्यारंही तरुण ठरतात असं मुळीच नाही. नदी आपला जुना गाळ कापते, त्या कापात नवा गाळ भरते. लाखो वर्षांची गोट्यांची रास आणि कालपरवाची राख एकाच दरडीत शेजारी बसलेली दिसू शकतात, अगदी एकमेकांत शिरल्यासारखी. राख वर असेल तर खालचं तिच्याहून जुनं, एवढंच म्हणता येतं. किती जुनं, याला राख वरची मर्यादा घालत नाही.

आणि इथे बेसॉल्ट, ज्याचं मी मघाशी कौतुक केलं, तोच आडवा येतो. अत्तिरमपक्कमची हत्यारं क्वार्ट्झाइटची होती. क्वार्ट्झमध्ये विश्वकिरणांनी तयार झालेल्या अॅल्युमिनियम आणि बेरिलियमच्या समस्थानिकांवरून ती कधी गाडली गेली ते काढता आलं. आपल्याकडची हत्यारं काळ्या दगडाची, गाळही बेसॉल्टचा, क्वार्ट्झ नावाला. ती पद्धत इथं लावताच येत नाही. गाळाचं पुराचुंबकीय मोजमाप करता येतं. सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटलं, त्याच्या आधीचा गाळ असेल तर तो तसं दाखवेल. पण त्यासाठी गोट्यांच्या राशीला लागून असलेला बारीक, न ढवळलेला गाळ हवा, आणि मुख्य म्हणजे राखेचा थर नेमका कोणत्या कापात बसला आहे ते काठानं सलग शोधायला हवं. इथं मायक्रोप्रोब उपयोगाचं नाही. फावडं, खुरपं आणि टेप लागेल, पाणी उतरल्यावर, येडगाव धरणाचं आवर्तन नसताना. रास आणि राख यांच्यामधली सीमारेषा दोन्ही तीरांवर जिथवर दिसते तिथवर खरवडून, मोजून, चितारून काढायची. काकांना विचारलं आहे. बांधावरून खाली उतरायला त्यांची हरकत नाही, फक्त कांदा निघेपर्यंत थांबा म्हणाले.